पाहुणे येणार असले की

"मावशी, चार वाजता पाहुणे येतायत. आईंना जरा फिरवून आणता का?"

हे वाक्य मी इतक्या घरांतून ऐकलंय की ते कानावर पडल्याबरोबर माझा हात आपोआप पिशवीकडे जायचा. पिशवीत पाण्याची बाटली, बिस्किटं, ओला नॅपकिन, एक जास्तीचा परकर आणि घडी करून ठेवलेला डायपर. बाहेर ऊन किती आहे, आईंचे पाय आज चालतायत का, हे कुणी विचारायचं नाही. पाहुण्यांना आई दिसता कामा नये, एवढंच काम.

मी लोकांच्या घरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना सांभाळायचे. 'सांभाळायचे' म्हणते, कारण गेल्या वर्षी गुडघ्यांनी संप पुकारला आणि मला थांबावं लागलं. कामाला माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोच्या भाषेत मी 'अटेंडंट', घरच्यांच्या भाषेत शोभामावशी आणि एका बिल्डिंगच्या वॉचमनच्या भाषेत 'वो पगली बुढिया की बाई'. या अंकाच्या संपादकबाईंच्या सासूबाई काही काळ माझ्याकडे होत्या, म्हणून बाईंनी मला लिहायला बसवलं. मी त्यांना म्हटलं, दिवाळीत लोकांना चकलीबरोबर वाचायला काहीतरी खुसखुशीत हवं असतं, माझ्याकडे तसलं काही नाही. त्या म्हणाल्या, "जे आहे ते लिहा." तर जे आहे ते असं आहे.

सुरुवातीला मला हाडं मोडलेली आणि अर्धांग झालेली माणसं मिळायची. पुढे पुढे विसरत जाणारी माणसं जास्त यायला लागली. डॉक्टर त्याला अल्झायमर म्हणतात. घरात मात्र हा शब्द कुणी काढत नाही. घरात 'थोडं विसरतात', 'वयाप्रमाणे चालायचंच' असं म्हणतात आणि बाहेरच्यांना सांगताना बीपीवर ढकलतात. ब्यूरोच्या बाईसुद्धा मला फोनवर आवाज बारीक करून सांगायच्या, "शोभा, तुझ्यातली केस आहे गं." म्हणजे मी समजून जायचं.

या कामात अंघोळ, जेवण, औषधं हे सगळं असतंच, पण ते कुणालाही शिकता येतं. अवघड असतं ते वाद न घालणं. पेशंटने विचारलं, "आमचे हे आले का ऑफिसातून?" आणि 'हे' जाऊन दहा-बारा वर्षं झालेली असली, तरी ते रोज नव्याने सांगायचं नसतं. सांगितलं तर ती बाई रोज नव्याने विधवा होते. "येतील, चहा घेऊया तोवर," असं म्हणायचं. दिवसातून पन्नासदा म्हणायचं आणि पन्नासाव्या वेळी आवाज चढू द्यायचा नाही. हे मला जमायचं. याचा मला अभिमान आहे, आणि याचीच मला घरी गेल्यावर चीड यायची. नवऱ्याने एक गोष्ट दुसऱ्यांदा विचारली की मी त्याच्या अंगावर धावून जायचे.

पण खरं सांगायचं तर पेशंटने मला कधी थकवलं नाही तेवढं लोकांनी थकवलं. खुब्याचं हाड मोडलेल्या आजींना बघायला अख्खी सोसायटी शहाळी घेऊन येते. विसरणाऱ्या आजींसाठी कुणी शहाळं आणलेलं मी माझ्या आयुष्यात पाहिलं नाही. लोक आले तरी माझ्याशी बोलतात. आजी समोर बसलेल्या, आणि मला विचारतात, "यांना कळतं का हो काही?" एका बाईंनी तर दोन हात लांब उभं राहून विचारलेलं, "चावत-बिवत नाहीत ना?" मी म्हटलं, "नाही, अजून तुमच्याइतकं लागेल असं बोलतही नाहीत." त्या घरातली माझी ड्युटी लवकरच संपली. काही घरांत माझा चहाचा कपसुद्धा वेगळा असायचा, जसं काही विसरणं उष्ट्याने लागतं.

डोंबिवलीत एखाद्या घरातली आजी बरेच दिवस दिसली नाही आणि विचारल्यावर 'गावाला गेलीय' असं उत्तर मिळालं, तर ती बहुतेक आतल्या खोलीत असते. नाहीतर माझ्यासारख्या बाईबरोबर कुठल्यातरी बाकावर. डोंबिवली, कल्याण, ठाणे इथले सगळे बाक मला पाठ आहेत. ठाण्याच्या तलावपाळीला कुठल्या बाजूला संध्याकाळी सावली येते, कल्याणच्या काळ्या तलावाजवळ स्वच्छतागृह कुठे आहे, कुठल्या देवळातले पुजारी तासभर बसलं तरी काही म्हणत नाहीत, हे मला विचारा. माझ्या मैत्रिणी म्हणायच्या, "मज्जा आहे बाई तुझी, रोज फिरायला." मी हसायचे.

कुंदाकाकू मला मिळाल्या त्या डोंबिवली पूर्वेच्या एका जुन्या तीन मजली बिल्डिंगमध्ये. काकूंनी तिथे तळमजल्यावर कितीतरी वर्षं पाळणाघर चालवलेलं. बिल्डिंगमधल्या आणि आजूबाजूच्या आया सकाळची गाडी पकडायला निघाल्या की पोरं काकूंच्या ओट्यावर सोडून जायच्या आणि संध्याकाळी न्यायच्या. वरणभात भरवणं, पाठीवर थोपटून झोपवणं, भांडणं सोडवणं, सगळं काकूंनी केलं. आता ती पोरं बापे झाली, त्यांची पोरं शाळेत जायला लागली, आणि काकूंना वाटायचं पाळणाघर अजून चालू आहे.

घरात मुलगा संजय, सून माधवी आणि नात ऋतुजा. माधवी शाळेत शिकवायची. तिच्याबद्दल मी वाईट लिहिणार नाही, कारण ती वाईट नव्हती. एका संक्रांतीला तिने हळदीकुंकू केलं. बायकांनी हॉल भरलेला, आणि काकू आतून नुसत्या परकर-पोलक्यावर बाहेर आल्या. मधोमध उभ्या राहून म्हणाल्या, "सगळ्या पोरांना शू करवून आणली का? मग झोपवा आता." बायका हसल्या. वाईट हेतूने नव्हे, पण हसल्या. पुढच्या वर्षी माधवीला कुणाकडून हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही, आणि तिनेही केलं नाही. मी कामावर लागले तेव्हा हे तिने मला स्वतः सांगितलं. म्हणाली, "मावशी, मला आईंची लाज वाटत नाही हो. लोक बघतात ना, ते सहन होत नाही." मला तो फरक तेव्हा पटला. अजूनही निम्मा पटतो.

त्यात ऋतुजाच्या लग्नाचं बघायला सुरुवात झाली. कल्याणचं एक स्थळ सगळं जुळल्यावर अचानक गप्प झालं. मग कानावर आलं की त्यांनी बिल्डिंगमध्ये चौकशी केलेली आणि कुणीतरी सांगितलं, आजी वेडी आहे, रक्तातच असणार.  त्यामुळे टेंभी नाक्याजवळचं ठाण्याचं स्थळ आलं तेव्हा घरात आधीच ठरलं, आजी देवरुखला थोरल्या काकांकडे असते. थोरले काका देवरुखला होते हे खरं. आजी मात्र त्या वेळी माझ्याबरोबर देवळाच्या पायरीवर असायची.

पहिल्या वेळी काकू ऐकेनात. "अगं, माझ्याकडे पाहुणे येणार आणि मी कुठे चालले? पोहे कोण करणार?"

"पोहे झालेत काकू. आपण देवाला जाऊन येऊ," मी म्हटलं.

"देव काय पळून जातोय? पाहुणे गेल्यावर जाऊ की."

बोलणं अगदी बिनतोड होतं. मी त्यांना हाताला धरून जवळजवळ ओढतच नेलं. देवळात बसल्यावर पुन्हा पुन्हा तेच, घरी पाहुणे आलेत, मी इथे काय करतेय. मग ठाण्याची मंडळी वरचेवर यायला लागली. एकदा मुलगी बघायला, एकदा बोलणी करायला, एकदा मुलाची आत्या आली म्हणून, एकदा नुसतंच 'इकडून चाललेलो' म्हणून. लग्न ठरलं तसे इतर नातेवाईकही वाढले. प्रत्येक वेळी आम्ही बाहेर. हळूहळू काकू वाद घालायच्या थांबल्या. माधवीने पोह्याचा डबा काढला तरी त्या साडी नीट करून माझ्याकडे बघायला लागायच्या. मला हायसं वाटलं. पेशंटला सवय झाली की आमचा जीव भांड्यात पडतो.

एका संध्याकाळी देवळात गर्दी होती म्हणून आम्ही जवळच्या बागेत गेलो. घसरगुंडीजवळ एक चारेक वर्षांचा मुलगा पडून रडत होता. मी पाण्याची बाटली काढेपर्यंत काकू उठल्या, त्याच्यापाशी गेल्या, त्याला मांडीवर ओढलं आणि पदराने त्याचं नाक पुसायला लागल्या. मुलगा गप्पही झाला. तेवढ्यात त्याची आई धावत आली.

"अहो, सोडा त्याला! सोडा म्हणते ना!"

तिने मुलाला असं खेचलं की काकू घसरगुंडीच्या कडेला आपटल्या. माणसं जमली. एक गृहस्थ म्हणाले, "असल्या लोकांना बाहेर कशाला आणता? घरात ठेवा." दुसऱ्याने मोबाइल काढलेला दिसला म्हणून मी काकूंच्या तोंडावर माझी ओढणी धरली. आणि मग मी त्या आईकडे नीट पाहिलं. ती प्राजक्ता होती, काकूंच्याच बिल्डिंगमधली, दुसऱ्या मजल्यावरची. लहानपणी सकाळपासून संध्याकाळपर्यंत काकूंच्या ओट्यावर असायची, हे मला काकूंच्या जुन्या फोटोंमधून माहीत होतं.

मी म्हटलं, "प्राजक्ता, अगं या कुंदाकाकू."

तिचे डोळे भरले. "माहितेय मला मावशी. माहितेय म्हणून तर... मला भीती वाटते हो. त्यांच्याकडे बघवत नाही." आणि ती मुलाला कडेवर घेऊन भराभर निघून गेली. मला तिचा राग आला आणि कीवही आली. काकूंचं कोपर सोलवटलेलं. त्या मला म्हणाल्या, "त्याचं नाक राहिलं गं पुसायचं."

घरी पोचलो तोवर प्राजक्ताचा फोन माधवीला येऊन गेलेला. तक्रार अशी नव्हे, 'काळजी वाटली म्हणून' केलेला. काकूंना असं बाहेर पाठवू नका, एखाद्या दिवशी भलतंच काही होईल. पाहुणे नुकतेच गेलेले, हॉलमध्ये बशा तशाच पडलेल्या. मी काकूंचं कोपर धूत होते आणि बाहेर ऋतुजाचा आवाज चढला.

"घरात ठेवायचं नाही, बाहेर न्यायचं नाही. मग ठेवायचं कुठे तिला?"

"हळू बोल," माधवी म्हणाली. "हे सगळं कोणासाठी चाललंय? कल्याणच्यांचं काय झालं विसरलीस?"

"मी नाही विसरले. म्हणूनच मी त्याला सांगितलंय."

"कुणाला?"

"ज्याच्याशी लग्न करतेय त्याला. मागच्या आठवड्यातच. आजी देवरुखला नाहीये, इथेच आहे, आणि तिला अल्झायमर आहे."

त्या घरात तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. माधवी सोफ्यावर बसली ती बसूनच राहिली. संजयने पंखा बंद केला, परत चालू केला. 

दोन दिवसांनी ठाण्याहून मुलाच्या आईचा फोन आला. "रविवारी येतो आम्ही. आजींना भेटायचंय." एवढंच बोलून फोन ठेवला. त्या आठवड्यात त्या घरात कुणी धड जेवलं नाही. संजय म्हणायचा, मोडायचं असतं तर फोनवरच मोडलं असतं. माधवी म्हणायची, मोडणारी माणसंच तोंडावर सांगायला येतात. हॉलचं बुकिंग झालेलं, पत्रिका छापायला गेलेल्या. ऋतुजा फक्त एकच म्हणाली, "मोडलं तर मोडू दे. आजी बाहेरच्या खोलीत बसणार."

रविवारी दुपारी माधवीने स्वतः कपाटातून काकूंची मोरपंखी इरकली काढली. मी काकूंना न्हाऊ घातलं, अंबाडा घातला. माधवीने कुंकू लावलं आणि त्यांच्या गालावरून हात फिरवला. असं करताना मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं. आम्ही काकूंना हॉलमध्ये, दारासमोरच्या मोठ्या खुर्चीत बसवलं. काकू छान दिसत होत्या. खुशीत होत्या. साडीच्या काठावरून बोटं फिरवत होत्या. मला वाटलं, चला, आज तरी आपली वरात निघणार नाही. मी पिशवी आत नेऊन ठेवली.

आणि बेल वाजली.

काकू ताडकन उठल्या. इतक्या चपळाईने उठताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. माझा हात धरून म्हणाल्या, "चल चल. आले पाहुणे."

"काकू, बसा. आज कुठे जायचं नाही," मी म्हटलं.

"अगं, ऐकू नाही का आलं? पाहुणे आले." आणि त्या वाकून चपला शोधायला लागल्या. एक सापडली, ती उलट्या पायात घातली. माधवी पुढे झाली, "आई, तुम्हाला भेटायलाच आलेत ते. बसा ना." काकूंनी तिच्या दंडावर थोपटलं, जशा त्या पोरांना थोपटायच्या. "तू बस गं. तुझी माणसं आलीयेत. आम्ही आहोत बाहेर."

संजयने दार उघडलं. ठाण्याची मंडळी पायपुसण्यावर उभी. काकूंनी पदर डोक्यावर ओढला, मान खाली घातली आणि भिंतीला खेटून त्यांच्या बाजूने बाहेर पडायला लागल्या. मुलाच्या आईने हात जोडले, "आजी, नमस्कार करते."

काकूंनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "बसा हं तुम्ही. मी इथली नाही."

अल्झायमरच्या माणसाच्या डोक्यात नवीन काही टिकत नाही, असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं. काकूंच्या डोक्यात मुलाचं नाव टिकलं नव्हतं, सकाळी खाल्लेलं टिकत नव्हतं. हे टिकलं. देवळाच्या पायरीवर, बागेतल्या बाकावर, येता-जाता आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना हे शिकवलं आणि त्या शिकल्या. मी त्यांच्यामागे जिन्यापाशी गेले आणि कठड्याला धरून रडले. काकू मला म्हणाल्या, "रडतेस काय, येईल तुझी आई न्यायला."

लग्न मोडलं नाही, हे सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याचा जीव टांगणीला राहायचा. एक फेरी मारून मी काकूंना आतल्या खोलीत आणून बसवलं तेव्हा मंडळी बसलेलीच होती. मुलाची आई चहाचा कप हातात धरून म्हणाली, "माझ्या सासऱ्यांना होतं हे. आम्ही खोलीला बाहेरून कडी घालायचो. लोकांना सांगायचो, मठात राहायला गेलेत." तिच्या नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. मला वाटतं, हे ती पहिल्यांदाच कुणाला सांगत होती. त्यानंतर तिथे कुणी कुणाची समजूत घातली नाही. पोहे मात्र सगळ्यांनी खाल्ले.

त्या दिवसापासून त्या घराने काकूंना लपवायचं बंद केलं. माधवीने शाळेतल्या बाकी शिक्षिकांना सांगितलं, बिल्डिंगमध्ये सांगितलं. प्राजक्ता एकदा मुलाला घेऊन आली, दहा मिनिटं बसली, मुलाला काकूंच्या जवळ जाऊ दिलं. पण काकू ऐकेनात. बेल वाजली की उठायच्या. संजयने बेल काढून टाकली, तर दारावर टकटक झाली की उठायच्या. जिन्यात पावलं वाजली तरी उठायच्या. आता सगळे म्हणत होते बसा, आणि काकूंना बसवत नव्हतं. अशा वेळी वाद घालायचा नसतो, हे मीच सगळ्यांना सांगत आलेले. मग मी पिशवी घ्यायचे आणि आम्ही बाहेर जाऊन एक फेरी मारून यायचो.

लग्नाला काकूंना पहिल्या रांगेत मानाची खुर्ची होती. संजयने मुद्दाम सोफा ठेवायला लावलेला. हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि काकूंनी ती सगळी माणसं बघितली. माझा हात सोडून त्या वळल्या आणि चालायलाच लागल्या. दोनदा आणून बसवलं, दोनदा उठल्या. शेवटी मी त्यांना हॉलच्या मागच्या बाजूला नेलं, जिथे केटरर्सची माणसं भांडी विसळत होती. प्लास्टिकच्या दोन खुर्च्यांवर आम्ही बसलो. तिथे काकू शांत झाल्या.

अक्षता पडल्यावर ऋतुजा नवऱ्याला घेऊन आम्हाला शोधत मागे आली. शालू भिजू नये म्हणून दोन्ही हातांनी वर धरलेला. दोघं काकूंच्या पाया पडली. ऋतुजा उकिडवी बसून म्हणाली, "आजी, आत चल ना गं. माझ्यासाठी चल. मीच सांगतेय ना तुला."

काकूंनी तिच्या मुंडावळ्या सरळ केल्या. कोण आहे हे कळलं असेल असं मला वाटत नाही. म्हणाल्या, "जा बाळ, आत जा. तिथे पाहुणे आलेत."

 मग आतून कुणीतरी फोटोसाठी हाक मारली आणि दोघं गेली. काकूंनी मला खुर्ची जवळ ओढायला सांगितली.

"पाहुणे गेले की सांग हं मला," त्या म्हणाल्या. "मग जाऊ घरी."

मी म्हटलं, "सांगते."